बँकॉकमध्ये एकच दिवस आहे, सात मंदिरं कशी बघू?

प्रश्न अंबाजोगाईच्या एका शिक्षिकेचा आहे. थोडक्यात असा: दिवाळीच्या सुट्टीत पाठीवर सॅक टाकून एकटीच थायलंडला चाललेय. बँकॉकमध्ये एकच पूर्ण दिवस हातात आहे, रात्री उशिराच्या रेल्वेनं पुढे चियांग माई. बुद्धमंदिरं बघायची आहेत, सातांची यादी केलीय. जमेल का? शाकाहारी आहे, खायचं काय? आणि एकटीनं जाणं बरं का? आई रोज विचारते.

ताई, आधी हिशेब सांगतो. सात नाही, तीन. फार तर साडेतीन.

मी सव्वीस वर्षं अजिंठा-वेरूळला गाइड आहे. थायलंड, श्रीलंका, जपानहून येणारे यात्रेकरूंचे गट फिरवतो, त्या नादात थाई भाषा मोडकीतोडकी तोंडात बसली. बँकॉकला पाचदा गेलो, त्यातला तीनदा एकटा. यादी करून आलेली माणसं मी रोज बघतो. दोन तासांत तीस लेणी पळवतात आणि बसमध्ये बसल्यावर म्हणतात, 'सगळी सारखीच आहेत हो.' बँकॉकमध्ये चौथ्या मंदिरानंतर तुमचंही तेच होणार. सोन्याचा पत्रा, काचेचे तुकडे, पुन्हा सोन्याचा पत्रा. डोळा थकतो.

आता तिथं जाण्याआधी एक शब्द समजून घ्या, म्हणजे अर्धं काम झालं. तिकडे मंदिराला 'वाट' म्हणतात. आपल्याकडची वाट लागते ती ही नव्हे. मूळ संस्कृत 'वाट', म्हणजे कुंपण घातलेली जागा. आपला 'वाडा' त्याच घरातला. आणि ते खरोखर वाड्यासारखंच असतं. एक इमारत नसते, भिंतीच्या आत दहा इमारती असतात. 'उबोसोत' म्हणजे उपोसथागार, जिथं भिक्खूंची दीक्षा आणि विनयाची, म्हणजे संघाच्या आचारनियमांची, कामं होतात. त्याच्या भोवती आठ दगड रोवलेले दिसतील, त्यांना 'सेमा' म्हणतात. आपली सीमा. 'चेदी' म्हणजे चैत्य, आपला स्तूप. 'कुटी' तर कुटीच. 'विहान' म्हणजे विहार, पण इथं गंमत आहे. अजिंठ्यात विहार म्हणजे भिक्खूंची राहण्याची खोली-ओसरी. तिकडे विहानमध्ये कुणी राहत नाही, लोक जमून वंदना करतात. म्हणजे आपल्याकडे आज गावोगावी वस्तीत जे बुद्धविहार आहेत, त्यांच्याशी थाई विहानाचं नातं लेण्यांपेक्षा जवळचं. सेमाचे दगड सापडले की मुख्य इमारत कुठली हे कुणाला विचारावं लागत नाही.

दिवसाची सुरुवात सहाला करा. मंदिरात नाही, हॉस्टेलच्या गल्लीत. मुक्काम जुन्या शहरात, म्हणजे रत्तनकोसिन भागात ठेवा. जुन्या राजवाड्याच्या आसपासच्या वस्तीत पहाटे भिक्खू पात्र घेऊन अनवाणी फिरतात. त्याला 'बिंताबात' म्हणतात, म्हणजे पिंडपात. दान द्यायचं असेल तर कोपऱ्यावरच्या बाईकडून भाताचं पुडकं घ्या, चप्पल काढा आणि वरून अलगद पात्रात सोडा. हात लागू देऊ नका. बाईनं भिक्खूला स्पर्श करायचा नाही, त्यांच्या हातात थेट वस्तू द्यायची नाही. हा तुमचा अपमान नाही, त्यांचा विनय आहे. मग ते आशीर्वादाची पाली वचनं म्हणतात. त्यांचे उच्चार ऐकून दचकाल. 'बुद्धं सरणं गच्छामि' तिकडे 'फुत्थंग सरणंग खच्छामि' होतं. २०२३ साली थाई भिक्खूंची पदयात्रा परभणीहून मुंबईच्या चैत्यभूमीला निघाली, तेव्हा रस्त्याकडेला उभ्या आपल्या बायाबापड्यांनी हेच उच्चार ऐकले असतील. लय वेगळी, शब्द तेच. एकदा कानात बसलं की दिवसभर प्रत्येक वाटमध्ये ऐकू येत राहतं.

साडेआठला ग्रँड पॅलेसचं दार उघडतं. तुम्ही सव्वाआठला तिथं उभ्या असा. दहानंतर बसगाड्या येतात आणि मग आपल्या आषाढीसारखी रेटारेटी. तिकीट ५०० बाट. एक बाट म्हणजे अडीच ते तीन रुपये, म्हणजे महागच आहे. पण ही एक जागा सोडू नका, कारण आत 'वाट फ्रा केव' आहे, पाचूच्या बुद्धाचं मंदिर. मूर्ती पाचूची नाही बरं, हिरव्या जेड जातीच्या दगडाची आहे आणि उंची जेमतेम ६६ सेंटीमीटर. उंच सिंहासनावर इतकी वर बसवलीय की पहिल्यांदा आलेला माणूस विचारतो, 'बुद्ध कुठाय?'

मी मात्र तिथं अर्धा तास बसलो, त्याचं कारण वेगळं. त्यांच्या जुन्या पाली बखरीत कथा आहे की ही मूर्ती पाटलिपुत्रात घडवली गेली, आणि घडवून घेणारा भिक्खू कोण, तर नागसेन. मिलिंद राजाच्या प्रश्नांना उत्तरं देणारा नागसेन. मी संभाजीनगरच्या नागसेनवनात शिकलेला माणूस. बाबासाहेबांनी १९५० साली काढलेलं मिलिंद महाविद्यालय, तिथल्या झाडांखाली आमची पोरपणाची वर्षं गेली. बँकॉकच्या गर्दीत एका थाई आजीनं मोडक्या इंग्रजीत 'नाकसेन, नाकसेन' म्हटलं आणि माझ्या अंगावर काटा आला. कथा ती कथाच. इतिहासात ही मूर्ती १४३४ साली उत्तरेतल्या चियांग रायला प्रकटते. पडक्या चेदीत चुन्याखाली दडलेली होती, नाकावरचा चुना उडाला आणि आतून हिरवा दगड दिसला. मग लांपांग, चियांग माई, लुआंग प्रबांग, व्हिएंतियान असा प्रवास करून १७७९ साली लाओसमधून लढाईत उचलून आणली. लाओसच्या माणसाला विचाराल तर तो 'आणली' म्हणणार नाही.

मूर्तीला वर्षातून तीनदा पोशाख बदलतात, आणि ते काम राजा करतो. उन्हाळ्याचा, पावसाळ्याचा, हिवाळ्याचा. पंढरीच्या विठोबाला उन्हाळ्यात चंदनउटी लावतात, तसाच हा ऋतूचा विचार. हिवाळ्याचा पोशाख कार्तिकी पौर्णिमेच्या सुमाराला चढतो, सोन्याच्या जाळीची शालच म्हणा. तुम्ही त्याआधी पोचलात तर पावसाळ्याचा दिसेल, एक खांदा उघडा असलेला. नेमकी पौर्णिमा साधली तर संध्याकाळी नदीवर दिवे सोडताना अख्खं शहर लोटलेलं दिसेल. आपली त्रिपुरारी.

आत फोटो काढू देत नाहीत. बसायचं तर पाय मागं दुमडून, तळवे मूर्तीकडे नकोत. मी पहिल्या खेपेला मांडी घालून बसलो, पाय दुखले म्हणून लांब केले, आणि पहारेकऱ्यानं खांद्यावर बोट टेकवलं. रोज शंभर माणसांना 'बूट काढा, मूर्तीला पाठ टेकू नका' सांगणारा मी. अशी लाज वाटली म्हणता.

बाहेरच्या ओवरीत भिंतभर रामकियन रंगवलंय, १७८ चित्रचौकटी. त्यांचं रामायण. रावण तिथं 'तोत्सकान', म्हणजे दशकंठ. हनुमान मात्र आपला ब्रह्मचारी नाही, चांगला रंगेल आहे. पोरांना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. सगळ्या चौकटी बघायच्या भानगडीत पडू नका, सावली जिथं आहे तिथल्या चार बघा. दारांवर उंचच उंच राक्षस उभे आहेत, त्यांना 'याक' म्हणतात. यक्ष. कन्नडजवळच्या पितळखोऱ्याला कण्हदास सोनारानं एक यक्ष घडवला होता, बुटका, पोट सुटलेला, हसरा. तो आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. हजारो कोसांवर जाऊन त्याचे भाऊबंद उंच झाले आणि रागीट झाले.

पॅलेसच्या दाराबाहेर सावध. इथं माझी पुरती फजिती झालेली आहे, म्हणून सांगतो. दुसऱ्या खेपेची गोष्ट. मी दाराकडे निघालो होतो, तर इस्त्रीचे कपडे घातलेला एक गृहस्थ आला. गोड बोलला. 'आज बौद्ध सण आहे, पॅलेस दुपारपर्यंत बंद. तोवर माझ्या ओळखीचा टुकटुकवाला वीस बाटमध्ये तीन मंदिरं दाखवेल.' वीस बाट! मी बसलो. एक ओसाड मंदिर दाखवलं, मग शिंप्याचं दुकान, मग खड्यांचं दुकान. तिथं दार बंद करून चहा पाजला आणि नीलम विकायला काढला. मी म्हटलं, 'भाऊ, मी औरंगाबादचा गाइड आहे, हिमरूच्या दुकानात गिऱ्हाईक कसं बसवतात ते मला शिकवू नकोस.' सुटलो, पण सकाळ गेली ती गेलीच. तेव्हा रस्त्यावरचा कुणीही 'बंद आहे' म्हणाला तर हसून पुढे चालायचं. बंद आहे की नाही ते तिकीटखिडकी सांगते.

तिथून दहा-पंधरा मिनिटं चालत 'वाट फो'. तिकीट ३०० बाट. मला एकच मंदिर बघायला मिळणार असेल तर मी हेच घेईन. ग्रँड पॅलेससुद्धा नाही.

पहुडलेला बुद्ध, लांबी ४६ मीटर, उंची १५. तिसऱ्या रामाच्या (हा थाई राजा, रामायणातला नव्हे) काळातला, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातला. आत वीटकाम, वर गिलावा, त्यावर सोन्याचा वर्ख. तुम्ही अजिंठ्याचं २६ नंबरचं लेणं बघितलंच असेल. नसेल तर, ताई, आधी ते बघा आणि मग विमानात बसा. तिथलं महापरिनिर्वाण सातेक मीटरचं. बुद्धाचे डोळे मिटलेले, खाली भिक्खू रडताहेत, वर देवलोकात वाद्यं वाजताहेत. म्हणजे शिल्पकारानं मृत्यू दाखवला आणि त्याभोवती जग दाखवलं. वाट फोच्या बुद्धाचे डोळे उघडे आहेत. ओठांवर हसू आहे. रडणारं कुणी नाही. आणि मूर्ती दालनात इतकी गच्च बसवलीय की एका जागेवरून ती पूर्ण दिसतच नाही. खांबांच्या फटीतून आधी कपाळ, मग खांदा, मग कोपर. लोक इथं वैतागतात, फोटोत मावत नाही म्हणून. मला वाटतं ती अडचण नसून रचना आहे. चालल्याशिवाय बुद्ध दिसत नाही.

पायाशी मात्र थांबा. तळव्यांवर शिंपल्याच्या मोत्यासारख्या चकाकत्या तुकड्यांनी १०८ मंगलचिन्हं जडवली आहेत. पाठीमागच्या बाजूला १०८ कांस्यपात्रं ओळीनं ठेवलीत. थोडे पैसे देऊन चिल्लर घ्यायची आणि प्रत्येकात एकेक नाणं टाकत जायचं. डोळे मिटून तो आवाज ऐका. घाट उतरणाऱ्या बैलाच्या घुंगरासारखा, कमी-जास्त होत जाणारा.

बाहेरच्या अंगणात योगासनं करणाऱ्या ऋषींच्या मूर्ती आहेत. तिथं त्यांना 'रुसी' म्हणतात. हे ठिकाण म्हणजे थाई मालिशीचं आणि वैद्यकाचं जुनं विद्यापीठच. भिंतींतले कोरीव शिलालेख युनेस्कोच्या जागतिक स्मृतिठेव्यात आहेत. मालिश करणारे ज्याला आद्यगुरू मानतात तो कोण, तर जीवक. राजगृहाचा, बुद्धाचा वैद्य. सॅक वाहून खांदे भरून आले असतील तर आतच मालिश करून घ्या. मंदिराची व्यवस्था आहे, स्वच्छ आहे, एकट्या बाईनं संकोच करू नये.

दुपारचं जेवण. थाई स्वयंपाकात माशाचं पाणी, 'नाम प्ला', आपल्या मिठासारखं पडतं. 'व्हेज' म्हटलं तरी मांस काढतील, हे पाणी काढणार नाहीत. शब्द लक्षात ठेवा: 'जे'. पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षर असलेल्या गाडीवर जे मिळतं ते निखळ शाकाहारी, कांदा-लसूणही नसतो. ते नाही सापडलं तर वाट फोपासून चालत फाहुरत गाठा. कापडबाजार आहे, आपल्या गुलमंडीची आठवण यावी असा. तिथं मोठा गुरुद्वारा आहे, पोळी-भाजीची दुकानं आहेत. लंगर सकाळी चालतो, दुपारी मिळेलच असं धरून चालू नका. नांदेडचं नाव काढून बघा. हुजूर साहिबच्या मुलखातला म्हटल्यावर माझं कौतुक झालं होतं, तुमचंही होईल.

वाट अरुण नदीपलीकडे. अरुणाचं, म्हणजे सूर्याच्या सारथ्याचं मंदिर. उंच 'प्रांग', म्हणजे मनोऱ्यासारखं शिखर, त्यावर चिनी मातीच्या फुटक्या बश्यांची फुलं. सुंदर आहे, वाद नाही. पण तिकडे हल्ली भाड्याचे थाई पोशाख घालून फोटो काढणाऱ्यांचीच जास्त गर्दी. मी म्हणेन, था तिएन धक्क्यावरून पाच बाटची होडी घ्या, नदीतूनच मनसोक्त बघा. वेळ असेल तर २०० बाटचं तिकीट काढून आत जा. हे माझं अर्धं मंदिर. होडीत भिक्खूंसाठी राखलेली जागा असते, तिथं उभ्या राहू नका.

तिसरं माझं आवडतं, आणि तुमच्या यादीत ते नाही: गोल्डन माउंट, वाट साकेतचा डोंगर. सनाम चाय स्टेशनवरून मेट्रोनं एकच स्टेशन, साम योत. तिथून मोठ्या झोक्याच्या चौकातून चालत जा. डोंगर म्हटलं तरी तो माणसानं रचलेला आहे. तिसऱ्या रामानं तिथं भला मोठा चेदी बांधायला घेतला आणि खालच्या मऊ मातीनं तो पेलला नाही, ढासळला. काळ्या मातीत घर बांधलेल्या आपल्या कुठल्याही माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही. विटा-मातीचा ढिगारा कित्येक वर्षं तसाच राहिला, झाडंझुडपं उगवली. मग पुढच्या राजांनी त्यालाच टेकडी मानून वर छोटा चेदी बांधला. पायऱ्या तीनशेहून जास्त. दौलताबाद चढलेल्या माणसाला हे काहीच नाही, आणि इथं वाटेत वटवाघळांची अंधारी नाही. घंटा आहेत, वाजवत चढायचं.

वर जे आहे ते भारतातून गेलेलं आहे. १८९८ साली उत्तर प्रदेशात, नेपाळच्या सीमेजवळ पिप्रहवा इथं एका इंग्रज जमीनदारानं, पेपेनं, आपल्या जमिनीतला स्तूप खणला. अस्थी ठेवलेला करंडक निघाला, त्यावर ब्राह्मी अक्षरं. सरकारनं त्यातल्या अस्थी सयामच्या (थायलंडचं जुनं नाव) राजाला, चुलालोंगकोर्नला दिल्या. त्यातला एक वाटा या टेकडीवर आहे. सोबतची रत्नं पेपेच्या वारसांकडे होती, ती २०२५ मध्ये भारतात परत आली. पाचूच्या बुद्धाचं पाटलिपुत्र ही कथा आहे, हा मात्र नोंद असलेला धागा. मावळतीला वरच्या गच्चीवर जागा धरा. सहाला राष्ट्रगीत सुरू झालं की जिथं असाल तिथं उभ्या राहा. राजघराण्याबद्दल थट्टेनंही बोलू नका, कायदा कडक आहे.

किरकोळ पण महत्त्वाचं. पंजाबी ड्रेस हा तिथला उत्तम पोशाख, बाह्या असलेला. लेगिंग्ज पॅलेसमध्ये चालत नाहीत, सलवार सैल हवी. चप्पल झटकन काढता येईल अशी घ्या आणि पिशवीत पातळ मोजे ठेवा. दुपारी संगमरवर तापतो, मोजे घालून चालायला हरकत नाही. सॅक हॉस्टेलवर टाका, पाठीवर पाण्याची बाटली मावेल एवढी झोळी पुरे. तिथं पोचण्याआधीच्या तीन दिवसांत थायलंडचं डिजिटल आगमनपत्र ऑनलाइन भरा, ते फुकट असतं, पैसे मागणारी संकेतस्थळं नकली. व्हिसाचा नियम निघायच्या आठवड्यात पुन्हा तपासा. चियांग माईची गाडी आता जुन्या हुआ लाम्फोंगवरून नाही, क्रुंग थेप अफिवात या नव्या स्थानकावरून सुटते. मेट्रोचं बांग सू स्टेशन त्याला लागूनच आहे. आणि रस्त्यावर बुद्धाचं नुसतं मुंडकं शोभेला विकतात, ते घेऊ नका. थाई लोकांना ते आवडत नाही, आणि मूर्ती देशाबाहेर न्यायला तिथल्या ललित कला खात्याचा परवाना लागतो.

एकटीनं जाण्याचं म्हणाल, तर दिवसा जुन्या बँकॉकमध्ये मला जेवढं निर्धास्त वाटलं तेवढं आपल्या बसस्टँडवर रात्री दहाला वाटत नाही. बाया दुकानं चालवतात, होडीची तिकिटं फाडतात, रात्री खाण्याच्या गाड्या लावतात. हॉस्टेलचं नाव थाई अक्षरांत कागदावर लिहून घ्या, मोबाइल मेला तर कागद मरत नाही. आईला सांगा, तिथलं घड्याळ आपल्या दीड तास पुढे आहे. संध्याकाळी सहाला फोन लावते म्हणावं. तेव्हा तिकडे साडेसात झालेले असतील आणि तुम्ही टेकडी उतरून खाली चहा शोधत असाल. चहा तिकडे बर्फ घालून देतात, नारिंगी रंगाचा. गरम हवा असेल तर 'चा रोन' म्हणा.